थाप मारण्याचं वय

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी उघडउघड थापा मारायला लागलो. तेही फी भरून, आठवड्यातून तीन संध्याकाळी. कधी समोरच्याच्या पाठीवर, कधी दंडावर, दोन्ही हात अडकलेले असले तर पायानं जमिनीवर. ब्राझिलियन जिउ-जित्सूत ‘हरलो बाबा, सोड’ हे सांगायची हीच रीत. क्लासातली पोरं तिला ‘टॅप’ म्हणतात. पण पहिल्या दिवशी माझे पिकलेले केस पाहून कोचनं मुद्दाम मराठीत समजावलं, “काका, दुखायला लागायच्या आधीच थाप मारायची. लाजायचं नाही.” बँकेच्या कर्जविभागात सत्तावीस वर्षं लोकांच्या थापा ऐकून घेतलेल्या माणसाला हा सल्ला कसा लागला असेल, ते तुम्हीच ठरवा.

मी तिथे पोचलो तो काही जगावेगळी हौस म्हणून नव्हे. क्लास मुलीनं लावला होता. सहा महिन्यांची फी एकदम भरली की सातवा महिना फुकट, असा हिशेब होता. दोन महिन्यांत तिला बंगळूरला नोकरी लागली. फी परत मिळणार नव्हती, नावात बदल मात्र चालणार होता. बायको शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “मग तुम्हीच जा. नाही तरी सकाळी फिरायला म्हणून जाता आणि कट्ट्यावर बसता.” उरलेले पाच महिने वसूल करायचे म्हणून मी गेलो. त्याला आता तीन वर्षं झाली. वसुली अजून चालू आहे.

ह्या खेळाचा पोशाख म्हणजे ‘गी’. जाड सुती कापडाचा पांढरा अंगरखा, सैल विजार आणि वर पट्टा. पहिल्यांदा धुऊन दोरीवर घातला तेव्हा बायकोला काळजी पडली, की समोरच्या इमारतीतल्यांना वाटेल आम्ही हॉटेलातला आंघोळीचा झगा उचलून आणलाय. वाळायला पावसाळ्यात दोन दिवस लागतात आणि ओला असताना एखाद्या लहान मुलाइतका जड होतो. पट्टा माझा अजून पांढराच आहे, पण त्याच्या टोकाला चार चिकटपट्ट्या आहेत. एक पट्टी म्हणजे प्रगतीची एक पायरी. बँकेनं एवढ्या वर्षांत मला चार बढत्या दिलेल्या नाहीत.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. आमच्या गावात तालीम होती, अजून आहे. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवून हौदा भरलेला असायचा. चुलते, म्हणजे आमचे आबा, तिथले नावाजलेले पैलवान. माझी स्वतःची कारकीर्द जत्रेतल्या रेवड्यांवरच्या दोन कुस्त्यांत आटोपली. दोन्ही वेळा मी आभाळ पाहिलं. दुसऱ्या वेळी तर त्यात एक घारही पाहिली, इतका निवांत वेळ मिळाला.

मराठीत हरण्याची बरीचशी भाषा ह्या आखाड्यातून आलेली आहे. चीत केला, पाठ लावली, अस्मान दाखवलं, लोळवला. पाठ जमिनीला टेकली की आपल्याकडे हलगी वाजते आणि गडी उठून अंगावरची माती झाडतो. जिउ-जित्सूत पाठ टेकली की खेळ रंगात येतो. उताणं पडायचं, दोन्ही पाय आपल्या आणि समोरच्याच्या मध्ये ठेवायचे, आणि तिथूनच त्याची कॉलर धरून गळा आवळायचा, कोपर उलटं करायचं, नाही तर त्यालाच उलथवून वर बसायचं. ह्या बसकणीला ‘गार्ड’ म्हणतात. खालच्यानं वरच्याला उलथवलं तर दोन गुण, वरच्यानं खालच्याचे पाय ओलांडले तर तीन, छातीवर मांड ठोकली किंवा पाठीवर स्वार झाला तर चार. आपणहून उताणं पडल्याबद्दल मात्र कुणाचाच गुण जात नाही की येत नाही.

हे मी आबांना फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं.

“म्हंजे तू उताना पडतोस?”

“हो, आबा.”

“आपनहून?”

“आपणहून.”

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, “गावात कुनाला सांगू नगंस.”

ह्या उताण्या विद्येचं मूळ जपानात आहे. मित्सुयो माएदा नावाचा ज्युदोपटू देशोदेशी कुस्त्या लढत 1914 साली ब्राझीलमध्ये उतरला आणि पुढे अॅमेझॉनच्या मुखाशी बेलेम शहरात स्थायिक झाला. तिथे कार्लोस ग्रेसी हा वयात येणारा पोरगा त्याच्याकडे शिकला. कार्लोसनं भावांना शिकवलं. त्यातला धाकटा हेलिओ. हा हेलिओ, घराण्याच्या सांगण्यानुसार, इतका अशक्त होता की त्याला कसरत मना होती. तो नुसता कडेला बसून पाहायचा. एके दिवशी कार्लोसला यायला उशीर झाला, शिष्य ताटकळलेला, म्हणून हेलिओनं पाहून पाठ झालेले डाव शिकवले. शिष्य खूश झाला, पुढेही त्याच्याकडेच शिकू लागला. अंगात ताकद नसल्यामुळे हेलिओनं जोराच्या जागी तरफ आणली, घाईच्या जागी धीर आणला, आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू जन्माला आलं.

इतिहास खणणारे म्हणतात, ह्यात तिखटमीठ बरंच आहे. हेलिओ तरुणपणी चांगला पोहायचा, इतकाही काही अशक्त नव्हता. म्हणजे ही आमच्या खेळातली पहिली थाप असावी. पण तो ताटकळलेला शिष्य बँकेतला माणूस होता असंही त्या गोष्टीत येतं, आणि तेवढा भाग मला तरी शंभर टक्के खरा वाटतो. फी भरलेला तास वाया जाऊ देणं आमच्या रक्तात नाही.

‘जिउ’ ह्या जपानी अक्षराचा अर्थ मऊ, लवणारं. म्हणजे जिउ-जित्सू ही सरळसरळ नमतं घेण्याची विद्या झाली. नमतं घ्यायचं वय कोणतं, ह्याबद्दल हा खेळ फारच स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तिशी गाठलेल्याला ‘मास्टर’ म्हणतात. पुढे 36, 41, 46, 51, 56 आणि 61 अशा पायऱ्या आहेत. गेल्या वर्षी मी छप्पन्न पुरी केली आणि काहीही न करता मास्टर पाचचा मास्टर सहा झालो. एसटीचं अर्धं तिकीट मिळायला अजून नऊ वर्षं आहेत, ज्येष्ठ नागरिक व्हायला चार. इथे मात्र तिशीतच माणसाला मान मिळतो. काळा पट्टा एकोणिसाव्या वर्षी मिळू शकतो, पण अखेरचा लाल पट्टा सदुसष्टाव्या वर्षाआधी कुणालाच नाही, नियमच तसा. बँकेत साठाव्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन दार दाखवतात. सदुसष्टीला एखादी गोष्ट पहिल्यांदा मिळते अशी जागा जगात आहे, ह्या नुसत्या माहितीनं मला कित्येक महिने बरं वाटत होतं.

मग मी ह्या वयातले सोबती शोधू लागलो. जगभर फिरून खाणारा आणि त्यावर लिहिणारा अमेरिकी शेफ अँथनी बोर्डेन हा त्यात सापडला. त्यानं अठ्ठावन्नच्या आसपास हे सुरू केलं आणि 2016 साली, एकोणसाठाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेत निळा पट्टा बांधून मास्टर पाच गटात सुवर्णपदक मिळवलं. हे मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, “त्याला स्वयंपाकही येत होता.”

आता डावांकडे वळतो. आमच्या क्लासात एक तेवीस वर्षांचा आयटीतला पोरगा आहे. मी त्याला मनातल्या मनात ‘वानर’ म्हणतो. तो मानेवर उलटा होतो, माझ्या दोन्ही पायांखालून गडगडत जातो आणि कुठल्या तरी दिशेनं माझ्या पाठीवर उगवतो. ह्याला ‘बेरिम्बोलो’ असं झकास नाव आहे. एकदा मी घरच्या गादीवर हा डाव करून पाहिला. बायकोनं येऊन मला सरळ केलं. त्या दिवशी माझं पहिलं धोरण ठरलं: मान ही डोकं ठेवायची जागा आहे, त्यावर अंग ठेवायचं नाही.

दुसरं धोरण, उभ्यानं झोंबायचं नाही. वयस्काला समोरच्याच्या ताकदीपेक्षा जमिनीपर्यंतचं अंतर जास्त घातक असतं. कुणी उचलून टाकलं तर गुडघा, खांदा, मनगट यांपैकी काय आधी पोचेल हे देवाला ठाऊक. म्हणून समोरच्याची बाही धरायची, कॉलर धरायची आणि आपणच हळूच खाली बसायचं. पडण्यातली उंचीच काढून टाकली की पडण्याची भीती राहत नाही. लग्नातल्या पंगतीत जागेसाठी झटापट चालली असताना अनुभवी माणूस जसा मुकाट एका पाटावर बसून घेतो, तसं.

खाली बसलं की कोळंबी करायची. कोच जेव्हा पहिल्यांदा ओरडला, “काका, श्रिंप!” तेव्हा मला आधी भूक लागली. मी कृष्णाकाठचा माणूस, कोळंबीची ओळख ताटातली, तीही लग्नानंतरची, बायको रत्नागिरीची म्हणून. इथली कोळंबी म्हणजे कुशीवर होऊन एक टाच रोवायची आणि कंबर मागे फेकायची, अंग कोळंबीसारखं आकड्यात वाकतं. समोरच्याचं ओझं हलत नाही, आपण ओझ्याखालून हलतो. संबंध खेळाचा पाया ह्या एका सरकण्यावर उभा आहे, म्हणून रोज मॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही कोळंबीचा घाणा काढतो.

तिसरं धोरण माझं सगळ्यांत लाडकं. त्याचं नाव हाफ गार्ड. समोरचा आपले पाय जवळजवळ ओलांडून गेलेला असतो, त्याचा एकच पाय आपल्या दोन पायांत अडकून उरलेला असतो. पूर्वी ही स्थिती म्हणजे हरण्याआधीचं शेवटचं स्टेशन मानत. रिओमध्ये रोबेर्तो कोरेआ नावाचा खेळाडू होता, त्याला सगळे ‘गोर्दो’ म्हणत, म्हणजे जाड्या. त्याचा गुडघा दुखावला. पुरता गार्ड खेळता येईना. तेव्हा तो त्या एका पायाला लोंबकळून राहू लागला, आणि राहता राहता तिथूनच समोरच्याला उलथवायच्या तऱ्हा त्यानं शोधल्या. आज जगातल्या प्रत्येक क्लासात त्या शिकवतात. गोर्दोच्या दुखऱ्या गुडघ्यानं जगाला डाव दिले. माझ्या गुडघ्यानं आजवर फक्त हाडांच्या डॉक्टरांना पैसे दिले.

हाफ गार्डचा मंत्र एकच: सपाट पडायचं नाही, कुशीवर राहायचं. त्याच्या काखेतून हात घालून पाठीला मिठी मारायची, डोकं त्याच्या छातीला चिकटवायचं, तो पाय सोडायचा नाही, आणि वाट पाहायची. मी ह्याला वामकुक्षी म्हणतो. एका कुशीवर, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, कुणी उठवलं तरी न उठता पडून राहणं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

पण पडून राहायचं तर ओझं अंगावर यायला नको. त्यासाठी ‘फ्रेम’. एक हात कोपरात मुडपून त्याच्या गळ्याशी आडवा, दुसरा त्याच्या कमरेशी, आपलं कोपर बरगडीजवळ. ढकलायचं अजिबात नाही. ढकलायला स्नायू लागतात आणि स्नायू दमतात. हाड दमत नाही. जुन्या वाड्याच्या कललेल्या भिंतीला बाहेरून लाकडाचे टेकू देतात, ते काही भिंतीला ढकलत नाहीत, नुसते उभे असतात आणि त्यांच्या जिवावर वरचा भाडेकरू तीस वर्षं राहतो. मीही टेकू लावून असतो. वानर वर धडपडतं, घामाघूम होतं, आणि मी खाली जुन्या भाडेकरूसारखा जागा सोडत नाही.

नशिबानं वर आलोच, तर माझ्याकडे एक शस्त्र आहे जे तेवीस वर्षांच्या कुणाकडे नाही. पोट. ते कमवायला मला तीस वर्षं आणि असंख्य मिसळी लागल्या. वर असताना गुडघे जमिनीवर टेकवून ठेवले तर आपलं वजन जमीनच उचलते. गुडघे जरासे वर, पायाची बोटं रोवलेली आणि छाती त्याच्या छातीवर, असं केलं की सगळं वजन त्याला उचलावं लागतं. सरकारी कचेरीत वजन फाइलीवर ठेवतात, इथे बरगड्यांवर ठेवायचं, काम होतंच. घाई करायची नाही. एक मिनिट बसून राहायचं. तो श्वास सोडतो तेव्हा थोडं खाली मुरायचं. वानरानं एकदा खालून विचारलं, “काका, तुम्ही काही करणार आहात का?” मी म्हटलं, “हेच करतोय.”

श्वासाचं सांगायलाच हवं. नवशिका माणूस झटापटीत श्वास कोंडून धरतो आणि दोन मिनिटांत निळा पडतो. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, माझं हृदय बंद पडणार. बंद पडत होतो ते मीच, तोंड मिटून. आता मी जोर लावताना फुसकन श्वास सोडतो, प्रेशर कुकरसारखा. घरी म्हणतात झोपेतही सोडतो.

डाव किती यायला हवेत? तरुण पोरं मोबाइलवर रोज नवा डाव पाहून येतात. मी तीन-चारांवर भागवतो. त्यात कॉलर हातांची फुली करून धरायची आणि गळा आवळायचा, हा पहिल्या महिन्यात शिकवतात तो डाव आहे. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या की काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, म्हणून तो झटकन थाप मारतो. हेलिओच्या नात्यातल्या रॉजर ग्रेसीनं दहा जगज्जेतेपदं मिळवली आणि त्यातले कितीतरी सामने असल्या प्राथमिक डावांवर मारले. छातीवर बसून हीच कॉलर तो धरायचा. समोरच्याला ठाऊक असायचं काय होणार आहे, आणि तेच व्हायचं. 2017 साली पस्तिसाव्या वर्षी तो बुशेशा नावाच्या सत्तावीस वर्षांच्या जगज्जेत्याशी लढला, पाठीवर गेला, गळा आवळला, जिंकला आणि निवृत्त झाला. आमच्या आजीला आयुष्यभर पाचच भाज्या येत होत्या. कुणी उपाशी उठलं नाही.

सगळ्यांत अवघड धोरण मात्र डावांचं नाही. कुणाशी खेळायचं हे ठरवण्याचं आहे. क्लास संपत आला की पोरं जोड्या लावतात. तेव्हा नुकतीच स्पर्धा ठरलेला, ऐंशी किलोचा, डोळ्यांत खून चढलेला गडी समोर येतो आणि नम्रपणे विचारतो, “काका, रोल?” पहिलं वर्षभर मी हो म्हणायचो. ‘नाही’ म्हणायला लाज वाटायची. त्या लाजेची किंमत एक बरगडी आणि सहा आठवडे. बरगडीला प्लास्टर घालता येत नाही. शिंक आली की तेवढी ती कळते. आता मी म्हणतो, “आज नको रे.” भिंतीला टेकून एक फेरी पाणी पितो. आठवड्यात तीन दिवस, दिवसाला तीन-चार फेऱ्या. वानर रोज येतं आणि रोज बरं होतं. माझं सोमवारचं दुखणं बुधवारपर्यंत पुरतं.

आणि आता थाप.

23 ऑक्टोबर 1951. रिओचं माराकाना मैदान. अडतीस वर्षांचा हेलिओ ग्रेसी जपानच्या मासाहिको किमुरा ह्या महाबली ज्युदोपटूशी लढला. किमुरानं त्याला पाडलं, हात पाठीमागे पिळला. हेलिओ थाप मारेना. हाड मोडलं, असं किमुरानं पुढे आपल्या आठवणींत लिहिलं. हेलिओ तरीही गप्प. शेवटी कडेला उभ्या असलेल्या कार्लोसनं टॉवेल आत टाकला आणि कुस्ती सुटली. तो हात पिळण्याचा डाव आज जगभर ‘किमुरा’ म्हणून शिकवतात. हेलिओचं त्या दिवसाबद्दल फार कौतुक होतं, आणि ते व्हावंही. पुढे चार वर्षांनी, एक्केचाळिसाव्या वर्षी, आपल्याच एका जुन्या शिष्याशी तो साडेतीन तासांहून जास्त वेळ लढला आणि हरला, तेव्हाही झालं. पण छप्पन्नाव्या वर्षी ही गोष्ट वाचताना माझं लक्ष हेलिओपेक्षा टॉवेल हातात धरलेल्या भावाकडे जास्त जातं. आपण वेळेवर थाप मारली नाही, की घरच्या कुणाला तरी आपल्या वतीनं ती मारावी लागते.

थाप उशिरा मारणं हा पुरुषी वाणाचा रोग असावा. दुखेपर्यंत थांबायचं, दुखल्यावर थोडं आणखी थांबायचं. कोपर निदान दुखून सांगतं. टाच पिळली की गुडघा तेवढंही करत नाही; दुखायला लागेपर्यंत आतला स्नायुबंध गेलेला असतो. म्हणूनच गी घालून खेळताना टाच पिळण्याला आंतरराष्ट्रीय नियमांत बंदी आहे. शहाण्यानं ‘आता सुटणं नाही’ हे कळलं की मारावी. दुखण्यावर नव्हे, समजण्यावर.

हे मॅटवर शिकलो, पण उपयोग बाहेर जास्त झाला. आमच्या सोसायटीत एका शेजाऱ्याशी गाडी लावायच्या जागेवरून माझा सहा वर्षं वाद चालू होता. सभेत दोघंही शड्डू ठोकून उभे राहायचो, आणि सेक्रेटरी चहा मागवायचे. मागच्या वर्षीच्या सभेत शेजाऱ्यांनी नकाशा काढला. मी नकाशा पाहिला. ते बरोबर होते. सहा वर्षं बरोबर होते. मी टेबलावर दोनदा थाप मारली आणि म्हटलं, “तुमची जागा.” सभेत अशी शांतता पसरली, जणू कुणी तरी देवाघरी गेलं. शेजारी इतके गोंधळले की खाली आल्यावर म्हणाले, “तुम्हीच लावा हो, माझी गाडी लहान आहे.”

आबा गेल्या दिवाळीनंतर मोतीबिंदूसाठी पुण्याला आले. वय एक्क्याऐंशी. पैलवानकीत मोडून घडी झालेले कान, पांढरी टोपी, धोतर. म्हणाले, “चल, दाव तुजी उतानी कुस्ती.” मी नेलं. फर्निचरच्या दुकानावरचा आमचा हॉल, निळ्या मॅट, कडेला त्यांना प्लास्टिकची खुर्ची. पोरं येऊन पाया पडली. वानरानं तर कानाला हात लावून पाहू का, असं विचारलं, आणि आबांनी लावू दिला.

मग आम्ही खेळलो. वानरानं मला नेमका किमुरात धरला. हात पाठीमागे जायला लागला, सुटणं नव्हतं. मी त्याच्या बरगडीवर थाप मारली. त्यानं तत्क्षणी सोडलं, हात मिळवला, आणि आम्ही पुन्हा सुरू केलं. आबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. पुढच्या फेरीत मी कॉलरनं हरलो, पुन्हा थाप, पुन्हा सुरू. एकूण पाच वेळा हरलो. एकदा मात्र वामकुक्षीतून त्याला उलथवलं. तेव्हा आबा खुर्चीवर काही बोलले, पण मला ऐकू आलं नाही.

परतताना रिक्षात म्हणाले, “तू थाप मारली की त्यो सोडतो?”

“सोडावंच लागतं.”

“लगीच?”

“लगेच.”

आबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मी लहानपणापासून पाहत आलोय. टोपी ते डाव्या हातानं घालतात. पैलवानाचं काही तरी असेल, म्हणून कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी रिक्षात त्यांनीच सांगितलं. 1968 ची जत्रा, शेजारच्या गावचा गडी, हात अंगाखाली मुडपून अडकला होता. कळत होतं मोडणार. भोवती दोन गावं ओरडत होती. “आमच्यात थाप पाटीवर पडायची, जितल्यावर, वस्तादाची,” ते म्हणाले. “हरनाऱ्याला मारायला थाप नव्हती.”

कर्वे रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ थांबली. सिग्नल सुटल्यावर आबा म्हणाले, “गावात सांगितलंस तरी चालंल.”

तेव्हा आता सांगतोच. शड्डू ठोकायला कुणाला शिकवावं लागत नाही. जत्रेतलं पोरही रेवड्यांसाठी ठोकतं. थाप मारायला मला त्रेपन्न वर्षं लागली, आणि तीही मुलीची फी वाया जाऊ नये म्हणून. तुम्हाला एवढा उशीर करायचं कारण नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सात. नखं कापून या.